सोमवारचा फोन

"मी किती वर्षं टिकेन?" बाईंनी विचारलं.

मी हातातला कागद खाली ठेवला. देहदानाचा अर्ज भरायला येणारी माणसं सहसा असं काही विचारत नाहीत. सही करतात, साक्षीदारांची नावं लिहितात, वासानं नाकाला रुमाल लावतात आणि लवकर निघतात. ह्या बाई मात्र खुर्ची पुढे ओढून बसल्या होत्या. अर्जातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुकाही त्यांनी आपल्या पेनानं दुरुस्त करून टाकल्या होत्या.

"काम नीट झालं तर दोन-तीन वर्षं," मी म्हणालो. "कधी थोडी जास्त."

"एवढंच? इजिप्तचे राजे तर हजारो वर्षं राहिले म्हणतात."

"ते वाळवलेले, बाई. आम्हाला वाळलेलं चालत नाही. मुलांना आतली एकेक नस सोडवून बघायची असते. कातडी मऊ राहिली पाहिजे, आणि सडायलाही नको."

"म्हणजे पापड नाही, लोणचं."

मला हसू आलं. त्या खोलीत हसायची वेळ क्वचितच यायची.

ही शहाण्णव सालच्या थंडीतली गोष्ट. वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याच्या गावी सरकारी मेडिकल कॉलेजात, शरीररचना विभागात मी तंत्रज्ञ होतो. विद्यार्थ्यांच्या टेबलावर जे देह येतात ते तयार करणं, टाकीत सांभाळणं, हे माझं काम. मोठ्या शब्दात एम्बामिंग. आमच्यात त्याला नुसतं 'भरणं' म्हणत. बाईंचं नाव मनोरमा खानझोडे. वय बहात्तर. जिल्हा कोर्टात चौतीस वर्षं टायपिस्ट होत्या. लग्न केलं नव्हतं. आधी वडिलांचं अंथरूण, मग आईचं, ह्यातच वय निघून गेलं असं त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि तो विषय मिटवला. भाऊ वारला होता. भावाचा एकच मुलगा, श्रीरंग, इंदूरला नोकरीत होता.

"आता मला सगळं सांग," त्या म्हणाल्या. "माझं काय काय करणार ते मला कळायला हवं."

मी आधी टाळाटाळ केली. पण कोर्टात चौतीस वर्षं साक्षी टाइप केलेल्या बाई, त्या थोड्याच सोडणार. मग सांगितलं. मांडीच्या वरच्या बाजूला छोटा छेद घ्यायचा, मोठी धमनी शोधायची, तिच्यात नळी बसवायची. वर खुंटीला डबा टांगलेला असतो. त्यात फॉर्मॅलिन, स्पिरिट, ग्लिसरीन, थोडं कार्बोलिक आणि पाणी. ते आपल्या वजनानं हळूहळू उतरतं आणि रक्त जिथे जिथे जात होतं तिथे तिथे जातं. आठ-दहा लिटर लागतं. दोन-तीन तास बसावं लागतं. मधेमधे हातपाय चोळावे लागतात, म्हणजे गुठळ्या सरकतात. बोटांची टोकं घट्ट लागायला लागली की समजायचं, पोचलं.

"आणि चेहरा?"

"ओळखू येतो. पण तसाच राहत नाही. रंग जातो, जरा बसतो."

"माझा चेहरा बघायला कोण येतंय." त्या सहज म्हणाल्या. "आणखी काय चुकू शकतं?"

"वेळ. हीच मोठी गोष्ट आहे, बाई. माणूस गेल्यावर थंडीत दहा-बारा तास चालतात. उन्हाळ्यात सहाच्या आत आणलेलं बरं. औषध सडणं थांबवतं, पण जे सुरू झालं ते मागे फिरवत नाही. आणि पोस्टमॉर्टेम झालं तरी घेता येत नाही. नळ्याच कापल्या जातात, मग औषध जाणार कशातून?"

बाई विचारात पडल्या. घरमालक वरच्या मजल्यावर राहत, पण उन्हाळ्यात ते मुलीकडे पुण्याला जात. खाली दोन खोल्यांत बाई एकट्या. शेजारी होते, पण प्रत्येकाला कंपाउंड, प्रत्येकाला फाटक.

"मी गेले हे सहा तासांत कळणार कोणाला?" त्या म्हणाल्या. मग पर्समधून एक किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. आधीच करवून आणलेली. "ही दाराच्या लॅचची आहे. मी रोज साडेदहाला इथे फोन करीन. आहे, एवढंच सांगीन. ज्या दिवशी फोन येणार नाही त्या दिवशी तू यायचं."

मी किल्ली घेतली. चार दिवस करतील आणि विसरतील, असं वाटलं होतं.

बाई विसरल्या नाहीत. विभागातला एकुलता एक फोन कारकून तायडेंच्या टेबलावर असायचा. साडेदहाला तो वाजायचा. तायडे हाक मारायचे, मी हातमोजे काढून जायचो.

"खानझोडे. आहे."

"बरं, बाई."

झालं. पहिला महिना एवढंच. मग कधीतरी त्यांनी विचारलं, "आज काय काम?" मी सांगितलं की टाकीतलं औषध बदलतोय, एका देहाच्या हातावर बुरशी आली आहे, ती पुसून पुन्हा औषध लावावं लागेल. बाईंनी विचारलं, बुरशी का यावी? मी म्हणालो, मुलांनी पांघरूण ओलं ठेवलं नाही. "तुझी मुलं निष्काळजी आहेत," त्या म्हणाल्या.

ह्यात विशेष काही नाही. पण त्या दिवशी मोजे पुन्हा चढवताना माझ्या लक्षात आलं की नोकरीला सात वर्षं झाली, आणि आज काय काम केलंस असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. माझी सासुरवाडी अकोट तालुक्यातली. तिकडे मी 'लॅबमध्ये' होतो. निर्मला, माझी बायको, मला अंगणात गरम पाणी काढून ठेवायची, अंघोळ झाल्याशिवाय घरात घ्यायची नाही. तिचंही चुकत नव्हतं, फॉर्मॅलिनचा वास केसांत बसतो. लग्नाकार्यात पंगतीला माझ्या शेजारचं पान शेवटी भरायचं. ज्यांना माहीत होतं ते विचारत नसत, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना मी सांगत नसे.

मग फोन वाढत गेले. बाई सांगायच्या, आज अंबाडीची भाजी केली. आज वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाची शेवटची आठ पानंच नाहीत. मीही सांगायचो. तायडे हसायचे, "गावंडे, तुमच्या बाईंचा फोन." त्याचं काही वाटायचं नाही. रविवारी विभाग बंद असे, तेव्हा मी भाजीला जाताना सायकल त्यांच्या रस्त्यानं घ्यायचो. बाई व्हरांड्यात असायच्या. हात वर करायच्या. मीही करायचो. आत गेलो असं दोन-तीनदाच.

असं दीड वर्ष चाललं.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये एक देह आला. निवृत्त मुख्याध्यापक होते. मुलगा स्वतः घेऊन आला होता, गेल्यावर चार तासांच्या आत. डोळे पुसत म्हणाला, "बाबांची फार इच्छा होती, नीट करा." मी नळी बसवली, डबा टांगला, औषध सुरू केलं. छान उतरत होतं. एक पाय चोळून झाला होता. तेवढ्यात फोन आला.

नियमानं मी उठायला नको होतं. औषध चालू असताना माणसानं जवळून हलू नये. पण साडेदहा वाजले होते. एक मिनिट, म्हटलं, आणि गेलो.

बाई त्या दिवशी खुशीत होत्या. कूलर दुरुस्त करून आणला होता, नवा वाळा घातला होता, त्याच्या वासानं आईची आठवण झाली असं काहीतरी सांगत होत्या. मी हं हं करत होतो. ठेवतो म्हणायला जीभ रेटली नाही. दहा-बारा मिनिटं गेली असतील.

परत आलो तर नळी धमनीतून निसटली होती. डबा निम्मा रिकामा, आणि औषध सगळं मांडीच्या कातडीखाली साचून मांडी भोपळ्यासारखी फुगलेली. दुसऱ्या पायात थेंबही गेला नव्हता. विभागप्रमुख डॉक्टर मोहरील टेबलापाशी उभे होते. त्यांनीच डब्याची चावी बंद केली होती.

मोहरील सर आवाज चढवणारे नव्हते.

"ह्यांच्या मुलानं ह्यांना आपल्या हातात दिलंय, प्रल्हाद," एवढंच म्हणाले.

मी संध्याकाळपर्यंत त्या पायाशी बसलो. मोठ्या सुईनं बोटाबोटाच्या अंतरावर टोचून औषध भरलं. पण असं भरलेलं सगळीकडे पोचत नाही. चौथ्या दिवशी घोट्यापासून पाय काळा पडायला लागला. शेवटी सरांनी गुडघ्याखालून तो काढायला लावला. मी काढला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेदहाला फोन आला.

"खानझोडे. आहे. आज काय काम?"

"बाई, एक बोलायचं होतं," मी म्हणालो. तायडे समोरच बसले होते. "रोज फोन नको आता. आठवड्यातून एकदा करा. सोमवारी."

पलीकडे कूलर बंद केल्याचा आवाज आला.

"काही झालं का रे?"

"काम असतं, बाई. हात अडकलेले असतात."

"बरोबर आहे. मीच लांबण लावते अलीकडे." मग म्हणाल्या, "आणि मधल्या वारी गेले तर?"

"तुम्हाला काय होतंय. तुमची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे."

"म्हणजे पुढची तारीख पडली," त्या कोर्टातल्यासारखं म्हणाल्या. "ठीक आहे. सोमवारी."

पुढचे तीन सोमवार फोन आला. "खानझोडे. आहे." मी एकदा विचारलंही, बाई, बाकी काय? तर म्हणाल्या, तुला काम असेल, आणि ठेवला. राग नव्हता आवाजात. माझ्या मनावरचं ओझंच उतरलं होतं, खोटं कशाला सांगू. साडेदहा वाजले की आता मान वर करून घड्याळ बघावं लागत नव्हतं.

मेचा दुसरा आठवडा होता, पारा पंचेचाळीसला टेकलेला. रविवारी मी भाजीला निघालो. सकाळचे नऊ वाजले होते तरी रस्ता भट्टीसारखा. बाई व्हरांड्यात नव्हत्या. पण खिडकीतला कूलर चालू होता, त्याची घरघर रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. आहेत आत, म्हटलं, उन्हाच्या बाहेर कशाला येतील, आणि पायडल मारलं.

सोमवारी फोन आला नाही. अकराला मी त्यांचा नंबर लावला. वाजत राहिला. सव्वाअकराला मी किल्ली घेऊन निघालो.

फाटक उघडतानाच मला कळलं. माझ्यासारख्या माणसाला ते नाकानं कळतं, दार उघडावं लागत नाही. तरी किल्ली लावली. कूलर अजून चालूच होता, पाणी संपून नुसता वारा फेकत होता. बाई आतल्या खोलीच्या दाराशी जमिनीवर पडल्या होत्या.

मी शेकडो माणसं पाहिली होती. पाण्यातली पाहिली, रेल्वेखालची पाहिली. त्या दिवशी मला उंबरा ओलांडता आला नाही. पायरीवर बसलो, आणि समोरच्या घरातल्या माणसाला हाक मारून सांगितलं की पोलिसांना फोन करा.

घरात एकटं माणूस असं सापडलं की पंचनामा होतो, पोस्टमॉर्टेम होतं. करणारे डॉक्टर ओळखीचे होते. बाहेर येऊन म्हणाले, हृदय थांबलं, फार वेळ लागला नसावा.

"कधी?"

"चार दिवस तरी झालेत. गुरुवार असेल."

मी गुरुवारी काय करत होतो ते आठवायचा प्रयत्न केला. टाकीतलं औषध बदललं होतं. साडेदहाला चहा घेतला होता.

मी थेट मोहरील सरांच्या खोलीत गेलो. त्यांना एव्हाना कळलं होतं.

"सर, त्यांचा अर्ज आहे आपल्याकडे. भरून घेऊ आपण."

"बस."

"तुकड्यातुकड्यानं भरतो, सर. सुईनं. हातांचं वेगळं, पायांचं वेगळं. रात्रंदिवस बसतो."

"कशात भरशील, प्रल्हाद?" ते सावकाश म्हणाले. "चार दिवस, ह्या उन्हात, त्यात कूलरची दमट हवा. आणि आता कापाकापीही झाली. नळ्या राहिल्या नाहीत. मांस औषध धरणार नाही. तूच सांगतोस ना लोकांना?"

हो, मीच सांगायचो. बाईंनाही मीच सांगितलं होतं.

मी बसून राहिलो. सरांनी मला पाणी दिलं. रोजचा फोन मी सोमवारवर आणला हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

"एक होऊ शकतं," ते म्हणाले. "हाडांना काही झालेलं नाही. त्यांच्या नातेवाइकांची परवानगी असेल आणि पोलिसांची हरकत नसेल, तर सांगाडा घेता येईल. मुलांना हाडांचे संच कमीच पडतात. नाहीतर अग्नी द्यायचा. त्यातही काही कमीपणा नाही. विचार कर. त्यांना जवळून ओळखणारा तूच आहेस."

मी इंदूरला फोन लावला. श्रीरंग खानझोडेंना आत्या गेल्याचं सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन कालच झालं आहे, दवाखान्यातून निघता येणार नाही. हाडांचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "आत्यानं देहदानाचं मला लिहिलं होतं. तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा. मी लेखी पाठवतो." संध्याकाळी कागद फॅक्सनं आला. पत्नीचं ऑपरेशन ही काही खोटी सबब वाटली नाही, तरी त्या माणसाबद्दल माझ्या मनात अढी बसली ती बसलीच. एक दिवसाचा प्रवास. एवढंही जमू नये?

ठरवायचं माझ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी शवागाराच्या व्हरांड्यात मी दुपारभर बसलो होतो. अग्नी दिला असता तर संध्याकाळी सगळं संपलं असतं. राख नदीत सोडून मी घरी गेलो असतो, अंगणात अंघोळ केली असती. सोपं होतं. पण बाई माझ्याकडे आल्या होत्या त्या संपायला नव्हत्या आल्या.

विभागामागे कडुनिंबाखाली एक जागा होती. हाडांसाठी देह तिथेच पुरत. मजूर मिळत होते, पण खड्डा मी स्वतः खणला. जाळीच्या कापडात बाईंना गुंडाळलं, म्हणजे बोटांची बारीक हाडं मातीत हरवत नाहीत. कुंपणाला लागून चार दगड मांडले. मग दीड वर्ष मातीनं तिचं काम केलं. जे औषधाला जमत नाही ते ती नेमानं करते, फक्त तिला वाट बघणारं माणूस लागतं.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात मी माती उकरली. हाडं सोड्याच्या कोमट पाण्यात धुतली, ब्रशनं घासली, पेरॉक्साइडमध्ये ठेवली आणि विभागाच्या गच्चीवर उन्हात वाळत घातली. दोनशेच्या वर हाडं असतात. मनगटातली हरभऱ्याएवढी. कावळे उचलतात म्हणून राखण करावी लागते. सहा-सात दिवस मी दुपारचा डबा गच्चीवरच खात होतो. आसपास कोणी नाही, थंडीचं कोवळं ऊन. तिथे बसून मी त्यांना सांगायचो, आज पहिल्या वर्षाची परीक्षा आहे. आज तायडेंची बदली झाली. काय काय सांगायचो. वेड लागलेल्यासारखं वाटेल कुणाला, पण तिथे ऐकायलाही कोणी नव्हतं.

पेरॉक्साइडनं माझी बोटं पांढरी पडली होती. निर्मलानं विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, फोनचंसुद्धा. लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिला कामाचं काही सांगत होतो. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईकडे हे बोलू नका." एवढंच.

संच लाकडी पेटीत ठेवला. पेटीवर नंबर घातला, एकतीस. नावं घालायची पद्धत नाही. विद्यार्थी सही करून पेटी नेतात, दोन-तीन महिने अभ्यास करतात, परत आणतात. दरवर्षी एकतीस नंबर कोणी ना कोणी नेत असे. मी परत आलेली पेटी मोजून घ्यायचो. एकही हाड कधी कमी भरलं नाही.

दोन हजार दहा साली एक गृहस्थ विभागात आले. साठीच्या आसपासचे, टापटीप, हातात पिशवी. मोहरील सर केव्हाच निवृत्त झाले होते. मी होतो.

"मी श्रीरंग खानझोडे," ते म्हणाले. "इंदूरहून आलोय. बारा वर्षांपूर्वी माझी आत्या..."

मी त्यांना हाडांच्या खोलीत नेलं. एकतीस नंबरची पेटी टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. ते बघत राहिले.

"हात लावला तर चालेल?"

"लावा ना."

त्यांनी दंडाचं हाड हलक्या हातानं उचललं, आणि कसं धरावं ते न कळून लगेच परत ठेवलं. खुर्चीवर बसले. पत्नी गेल्या वर्षी वारली, मुलगी परदेशात, असं त्यांनी सांगितलं. घरी कोणी नाही. बोलायला सुरुवात केली की त्यांना थांबता येत नव्हतं.

"आत्या मला रोज फोन करायची," ते म्हणाले. "रात्री, एसटीडी स्वस्त झाली की. आई गेली तेव्हापासून. मुलीचा अभ्यास, बायकोचं दुखणं, आणि हिचा रोज फोन. एकदा मी म्हटलं, आत्या, रोज कशाला, रविवारी करत जा. ती हो म्हणाली. दोन-तीन रविवार केलाही. मग एकदा म्हणाली, आता तू काळजी करू नकोस, मला रोज विचारणारं माणूस मिळालंय. कॉलेजात आहे म्हणाली, माझ्या फोनची वाट बघतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. पण ती गेली तेव्हा तो माणूस होता ना, हा एक आधार राहिला मनाला. तो कोण, तुम्हाला माहीत आहे? मला भेटायचं होतं त्यांना. त्याचसाठी आलो."



"मीच तो."

ते उठले. माझे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले. मी काढून घेतले.

"थांबा," मी म्हणालो. "मीही त्यांना सोमवारी करा म्हणालो होतो. रोज नको म्हटलं होतं. त्या गुरुवारी गेल्या. मी सोमवारी गेलो."

त्यांचे हात तसेच पुढे राहिले. मग ते पुन्हा खुर्चीवर बसले. मीही समोर बसलो. आमच्या मधे पेटी उघडी होती. बाहेर तास संपला, मुलं जिन्यावरून धडाधड उतरली, पुन्हा शांत झालं.

दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. पहिल्या वर्षाची, ॲप्रन अजून कडक.

"सर, बोनसेट हवा होता. परवा तोंडी परीक्षा आहे. बाकीचे सगळे गेलेत म्हणतात, एकतीसच शिल्लक आहे."

मी श्रीरंगरावांकडे बघितलं. ते पेटीकडे बघत होते. मी झाकण लावलं, रजिस्टर पुढे केलं. मुलीनं तारीख लिहिली, नाव लिहिलं, नंबर लिहिला.

"पुढे आणखी लिही," मी म्हणालो. "मनोरमा खानझोडे."

तिनं लिहिलं. लिहून झाल्यावर तिला कळलं की आपण काय लिहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"कोण होत्या?"

"माझी आत्या," श्रीरंगराव म्हणाले.

मुलगी पेन हातात धरून उभी राहिली. मला वाटलं, आता ही पेटी नेणार नाही, भ्याली. ती म्हणाली, "माझी रूम पार्टनर आठवडाभर गावी गेलीय. खोलीत मी एकटीच आहे. नेऊ ना ह्यांना?"

"ने," ते म्हणाले.

पेटीला दोन बाजूंनी दोन कड्या असतात. एक तिनं धरली. दुसरी धरायला मी पुढे झालो, पण श्रीरंगराव आधीच उठले होते. दोघं मिळून ती पेटी घेऊन सावकाश जिना उतरले. मी रजिस्टर मिटलं आणि खिडकीशी गेलो. मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकापर्यंत ते तिच्याबरोबर गेले. वाटेत ती काहीतरी विचारत होती, आणि ते मान वळवून तिला सांगत होते.